चौदा नंबरची विहीर

लोक माझ्याकडे कॉम्प्युटर खताच्या रिकाम्या गोणीत घालून आणायचे. मोटारसायकलवर मागं बसलेला माणूस गोणी मांडीवर घ्यायचा आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी वर उचलून धरायचा. दुकानात आला की गोणीचं तोंड सोडून म्हणायचा, "बघा बरं, काल चांगलं होतं, आज चालूच व्हईना." बीड जिल्ह्यातल्या वडवणीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान वीस-बावीस वर्षं चाललं. त्याआधी मी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचो. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं. डोळे बारीक कामाला साथ देईनात, आणि घरी कॉम्प्युटर ठेवणारेही आता फारसे राहिले नाहीत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आमचं काम म्हणजे वायरी, स्क्रू आणि फुंकर मारून धूळ काढणं. ते असतंच. पण माझं निम्मं आयुष्य जुन्या प्रोग्रॅमला नव्या विंडोजवर चालतं करण्यात गेलं. विंडोज म्हणजे कॉम्प्युटरची मूळ व्यवस्था. बाकीचे प्रोग्रॅम तिच्या जिवावर चालतात. दर चार-सहा वर्षांनी नवी विंडोज येते आणि आतली मांडणी बदलते. जुना प्रोग्रॅम आपल्या वस्तू जुन्या जागी शोधत बसतो. सापडल्या तर चालतो, नाही सापडल्या तर बंद पडतो. कधी अर्धवट चालतो, आणि ते सगळ्यात वाईट. बंद पडलेल्याचा निदान पत्ता लागतो.

एका जोशीबुवांचा पत्रिकेचा प्रोग्रॅम अठ्ठ्याण्णवच्या विंडोजवर होता. नव्या विंडोजवर टाकला तर पत्रिका छापून यायची, पण मंगळाचं अक्षर उमटायचं नाही. त्या घरात नुसता रिकामा चौकोन. बुवा सुरुवातीला तो चौकोन पेनानं भरायचे. महिनाभरानं मला म्हणाले, "सुभाषराव, राहू द्या तसंच. पोरींचे बाप खूश हायेत." नांदूरघाटचा एक फोटोवाला होता. त्याच्या लग्नाच्या अल्बमच्या प्रोग्रॅमला एक प्लास्टिकची किल्ली होती, ती कॉम्प्युटरच्या मागं प्रिंटरच्या जागी लावली तरच प्रोग्रॅम उघडायचा. त्याच्या नव्या कॉम्प्युटरला ती जागाच नव्हती. तरी तो किल्ली खिशात घालून दर बाजारी माझ्याकडे यायचा, आज तरी काही सोय निघाली का बघायला.

अशा गोष्टी सांगून मी पुष्कळांना हसवलं आहे. मारुतीअण्णांची गोष्ट मात्र मी आजवर दोनदाच सांगितली. एकदा त्यांच्या बायकोला, एकदा भर सभेत.

त्यांचं गाव वडवणी आणि तेलगावच्या मधे, डांबरी सोडून आत. गावाचं नाव लिहीत नाही. अण्णा सरकारी नोकरीत होते, जमिनीखालचं पाणी मोजायच्या खात्यात. काम साधं. ठरलेल्या गावी सायकलवर जायचं, ठरलेल्या विहिरीत वजन बांधलेली टेप सोडायची, वजन पाण्याला टेकलं की किती फूट उतरली ते बघायचं आणि वहीत लिहायचं. वर्षानुवर्षं तेच. निवृत्त झाल्यावर लोक देवाला जातात. अण्णांनी स्वतःच्या गावातल्या बावीस विहिरींना नंबर दिले आणि दर महिन्याच्या शेवटी त्या मोजायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. मी एकदा विचारलं, "अण्णा, कशासाठी?" म्हणाले, "सरकारच्या इहिरी तीस वर्षं मोजल्या. आपल्या गावाच्या कुनी मोजायच्या?"

त्यांना एकच मुलगी, अलका. तिनं बीडला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. अण्णांनी तिच्यासाठी घरी कॉम्प्युटर घेतला आणि तिनं त्यावर वडिलांच्या विहिरींसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊस नाही. विहिरीचा नंबर टाकायचा, टेप किती उतरली ते टाकायचं. मग पाहिजे त्या विहिरीचा सगळा इतिहास कागदावर छापून यायचा. तेव्हा त्यात मराठी अक्षरं येत नसत, म्हणून तिनं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. प्रोग्रॅम उघडला की पहिल्यांदा एक प्रश्न यायचा: "अण्णा, जेवलात का?" एच दाबलं तर होय, एन दाबलं तर नाही. एन दाबलं की "आधी जेवा" असं दाखवून प्रोग्रॅम बंद व्हायचा. अण्णा कामाच्या नादात उपाशी राहायचे, म्हणून तिनं ही तजवीज केली होती.

अलकाचं लग्न परभणीकडे झालं. दुसऱ्या वर्षी बाळंतपणाला माहेरी यायच्या आधीच कावीळ झाली आणि ती गेली. बाळही गेलं. हे मला अण्णांनी कधी सांगितलं नाही. शेवंताकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं सांगितलं, मी पहिल्यांदा त्यांच्या घरी प्रिंटर दुरुस्त करायला गेलतो तेव्हा. अण्णा त्या वेळी पडद्यासमोर बसले होते. प्रश्न आला. त्यांनी आत हाक मारली, "अगं, वाढ." दोन घास खाल्ले, हात धुतले, मग एच दाबलं.

पुढं मी त्यांच्या मशीनवर अठ्ठ्याण्णवची विंडोज काढून त्यानंतरची एक्सपी टाकली. प्रोग्रॅम त्यावरही चालला, जरा कुरकुरत. छपाईसाठी मला एक आडवाट काढावी लागली. अण्णा खूश झाले. मला म्हणाले, "सुभाष, माझ्या माघारी बी हे चालाय पायजे." मी म्हणालो, "चालंल की."

मग तो दुष्काळ आला. दोन पावसाळे कोरडे गेले होते. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी कुऱ्हाड लावून सरपणाला नेल्या. जनावरं छावणीत गेली. गावात दिवसाआड टँकर यायचा. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली तीही चार दिवस राहून आणखी कुठं कुठं निघून गेली, कारण घरात प्यायला पाणी नव्हतं.

गावात शेतकऱ्यांची सहकारी पाणी संस्था होती. बळीरामतात्या तिचे चेअरमन. मोठी जमीन, तालुक्यात वजन, बोलणं रोखठोक, पण माणूस अप्रामाणिक नव्हता. संस्थेनं ठरवलं की गावातली एक विहीर सगळ्यांनी मिळून खोल काढायची, तळात आडवी बोअरं मारायची आणि पाणी गावाला द्यायचं. क्रेन आणि सुरुंगवाले मोठ्या मुश्किलीनं पंधरा दिवसांसाठी मिळणार होते. एकच विहीर होणार होती, दुसरी करायची ऐपत नव्हती. मग कुठली? ज्यानं त्यानं आपापली विहीर सांगितली. शेवटी तात्या म्हणाले, "आपल्याकडं अण्णांचे इतक्या वर्षांचे आकडे हायेत. मागच्या दुष्काळात ज्या इहिरीचं पाणी टिकलं, ती घ्यायची. वाद कशाला?"

सभा तीन दिवसांवर होती आणि नेमका त्याच आठवड्यात अण्णांचा कॉम्प्युटर गेला. वीज कमी-जास्त होऊन मुख्य बोर्ड जळाला. अण्णा तो गोणीत घालून एसटीनं घेऊन आले. मी उघडून बघितलं आणि सांगितलं, "अण्णा, हा बोर्ड आता मिळत नाही. औरंगाबादला शोधावा लागेल, आठ-दहा दिवस जातील."

"सभा तर रविवारी हाय."

माझ्याकडे एक वापरलेलं पण चांगलं, अण्णांच्या मानानं नवीन मशीन पडून होतं. गिऱ्हाईक मिळत नव्हतं. मी म्हणालो, "हे घेऊन जा. जुनी हार्ड डिस्क मी यात जोडून सगळं काढून देतो." खरं सांगायचं तर मला ते मशीन खपवायचंही होतं.

त्या मशीनवर पुढची विंडोज होती. अलकाचा प्रोग्रॅम त्यावर उघडेचना. इतके जुने प्रोग्रॅम चालवायची सोयच त्या विंडोजमधून काढून टाकलेली होती. पण प्रोग्रॅम वेगळा आणि त्यानं साठवलेली माहिती वेगळी. माहितीची फाईल मी सरळ हिशेबाच्या तक्त्यात उघडली, तर सगळे आकडे स्वच्छ समोर. विहिरीचा नंबर, महिना, फूट. एक नोंद गहाळ नाही. मी रांगा लावल्या, वर मराठी मथळे दिले, रंग भरले, छापून काढलं. अलकाच्या छपाईपेक्षा माझा कागद देखणा होता. मला माझं कौतुक वाटलं.

अण्णा दुकानात खुर्चीवर बसून बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "ते इचारणं आलं न्हाई."

"ते जुन्या प्रोग्रॅममध्ये होतं अण्णा. या विंडोजवर नाही येत. आकडे मात्र सगळे आले."

"सगळे?"

"सगळे. एक इकडचा तिकडं नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "आकडे आले ना? मंग झालं." आणि पिशवी उचलली.

रविवारी संस्थेच्या खताच्या गोदामात सभा झाली. गोदाम रिकामंच होतं. त्या वर्षी खत कोण नेणार? तात्यांनी मलाही बोलावलं होतं, कागद समजावून सांगायला. मी उभा राहून वाचलं. मागच्या दुष्काळात बहुतेक विहिरींचं पाणी पाच-सहा फूट किंवा जास्त खाली गेलेलं दिसत होतं. चौदा नंबरचं मात्र जागच्या जागी. नऊ नंबरही बरी होती, पण चौदाइतकी नाही.

चौदा नंबरची विहीर अण्णांच्या चुलतभावाची होती. नऊ नंबर गयाबाईची. ती विधवा, लेकासुनेबरोबर दरसाल ऊसतोडीला जायची, विहिरीवर मोटर नाही, कुणी त्या बाजूला फिरकत नव्हतं.

अण्णा उठले. म्हणाले, "माझ्या ध्यानात तर नऊ नंबरला पाणी टिकतं. चौदाचं झिरपून जातं. मी सोता बघितलंय."

मागून एक तरुण सभासद म्हणाला, "अण्णा, हे आकडे तुमचेच हायेत ना?"

"माझेच हायेत."

"मंग कागद एक सांगतो आन तुमी एक सांगता, कावून?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्या गोदामानं बघितलं. मी म्हणालो, "अण्णांच्याच फाईलमधले आकडे आहेत. मी एकही बदललेला नाही."

अण्णांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, बोटानं चौदा नंबरची ओळ वरपासून खालपर्यंत बघितली. मग सावकाश म्हणाले, "माझं वय झालंय. ध्यानात कमी-जास्त होत असंल. पोरीच्या मशीनवर माझा माझ्या डोक्यापेक्षा जास्त भरोसा हाय. चौदा घ्या."

पंधरा दिवस क्रेन चालली. गावातल्या माणसांनी दगड वाहिले, बायकांनी पाट्या उचलल्या. पाच परस, म्हणजे पंचवीस-तीस फूट खाली गेले तरी काळा खडक, एकसंध, ओलाव्याचा मागमूस नाही. चारी बाजूंनी आडवी बोअरं मारली. त्यातून पांढरी भुकटी आली. सोळाव्या दिवशी क्रेनवाले सामान बांधून निघून गेले.

त्यानंतर गावात जे बोललं गेलं ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. आधी म्हणाले, म्हाताऱ्याचे आकडेच खोटे. मग म्हणाले, भावाची विहीर गावाच्या पैशानं खोल करून घ्यायची होती. सभेत नऊ नंबर म्हणाला ते नाटक होतं, कागद आधीच जुळवून आणला होता. पारावर बसलेल्या कुणीतरी अण्णांना ऐकू जाईल असं 'चोर' म्हटलं. अण्णांचा चुलतभाऊही त्यांच्याशी बोलेना, कारण त्याच्या विहिरीत आधी होतं ते थोडं पाणीही सुरुंगांनी कुठं निघून गेलं.

अण्णांनी विहिरी मोजणं बंद केलं. महिनाअखेरीला घराबाहेर पडेनात. मी एकदा भेटायला गेलतो. ओट्यावर बसले होते. मी म्हणालो, "लोक बोलतात अण्णा, विसरतील." ते म्हणाले, "लोकाचं सोड. मी तीस वर्षं टेप बघितली सुभाष. मला वाटलं, मला पाणी समजतं. न्हाई समजत." त्यांचा आवाज कोरडा होता. पुढच्या भादव्यात ते गेले. आजार असा काही सांगता येईल असा नव्हता. जेवण कमी कमी होत गेलं, इतकंच काकू सांगतात.

मी मातीला गेलतो. माणसं मोजकीच होती. तात्या आले होते, कडेला उभे राहिले आणि निघून गेले.

वर्षश्राद्धाच्या आधी महिनाभर, बाजारच्या दिवशी, शेवंताकाकू माझ्या दुकानात आल्या. पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, "सुभाष, एक काम हुतं. हे म्हनायचे, मशीन उघडलं की पोरगी जेवलात का म्हणून इचारते. मी कधी धड बघितलं न्हाई. मला वाटायचं, ते त्या दोघांचं हाय. आता एकदा बघावं वाटतंय. निघंल का?"

जुनी हार्ड डिस्क मी जपून ठेवली होती, कागदात गुंडाळून, वर अण्णांचं नाव घालून. काकू गेल्यावर मी मागची भंगाराची खोली उघडली. दोन जुनी मशीनं होती. एकाचा बोर्ड, दुसऱ्याची मेमरी. दुसऱ्या दिवशी सकाळी बसलो आणि जेवायच्या वेळेला मशीन सुरू झालं. अर्ध्या दिवसाचं काम. हे मी त्या वेळीही करू शकलो असतो. भंगार तेव्हाही माझ्याकडे होतं. बोर्ड औरंगाबादलाच मिळेल असं मी बोलून गेलतो, कारण नवं मशीन समोर विकायला पडलं होतं. यापेक्षा वेगळं कारण मला आजही सापडत नाही.

पडद्यावर प्रश्न आला. मी एच दाबलं. सगळं नीट चालतंय का बघायला एका विहिरीचा इतिहास छापायला दिला. हाताला आली ती चौदा नंबर. मनात तीच असणार.

कागद बाहेर आला आणि मी माझा तक्ता काढून त्याच्या शेजारी ठेवला. मागच्या दुष्काळातले चौदा नंबरचे आकडे माझ्या तक्त्यातल्यापेक्षा वेगळे होते. प्रत्येक आकडा बरोब्बर पाच फुटांनी जास्त. म्हणजे पाणी पाच फूट खाली. माझ्या कागदावर जी विहीर जागच्या जागी होती, ती अलकाच्या कागदावर बाकीच्यांसारखीच खाली गेली होती. नऊ नंबर छापून बघितली. ती दोन्ही कागदांवर सारखी, आणि आता बावीसही विहिरींत सगळ्यात चांगली.

कारण कळायला मला आणखी दोन दिवस लागले. अलकानं लिहिलेला प्रोग्रॅम ओळ न ओळ वाचला आणि गावात जाऊन ती विहीर बघून, विचारून आलो. चौदा नंबरच्या विहिरीवर मोटेच्या काळातलं दगडी बांधकाम होतं, जमिनीपासून चांगलं पाच फूट उंच. अण्णा त्यावर उभे राहून टेप सोडायचे. मागच्या दुष्काळाच्या आधीच्या पावसात ते बांधकाम ढासळलं. त्यानंतर अण्णा जमिनीवर उभे राहून मोजायला लागले. पाणी होतं तिथंच, पण टेप पाच फूट कमी उतरायला लागली. अण्णांची खात्यातली सवय अशी, की टेप जे सांगते तेच लिहायचं, मनानं बेरीज-वजाबाकी करायची नाही. म्हणून अलकानं ती बेरीज प्रोग्रॅमच्या आत घालून ठेवली होती: चौदा नंबर असेल आणि त्या पावसाच्या नंतरची नोंद असेल, तर पाच मिळवून दाखव. माहितीच्या फाईलमध्ये कच्चे आकडे होते. खरे आकडे प्रोग्रॅम चालल्यावरच तयार व्हायचे. मी फाईल उचलली आणि प्रोग्रॅम टाकून दिला.

बांधकाम ढासळल्याचं अण्णांना ठाऊक होतंच. पण मी 'सगळे आले' म्हणालो होतो, म्हणून त्यांच्या समजुतीनं तो प्रश्न तेवढा गेला होता, कागद अलकाच्या प्रोग्रॅममधूनच आलेला होता, आणि तिनं तो हिशोब धरलेला आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवलं.

मी ते जुनं मशीन रिक्षात घालून काकूंच्या घरी नेलं. ओसरीवर जोडलं. प्रश्न आला तेव्हा त्यांना वाचून दाखवला, कारण अक्षरं इंग्रजी होती. त्या पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "हो म्हण." मी एच दाबलं.

नंतर मी त्यांना बाकीचं सांगितलं. दोन्ही कागद पुढं ठेवले. पाच फुटांचं समजायला त्यांना जरासुद्धा वेळ लागला नाही. त्या म्हणाल्या, "म्हंजे ह्यांचं खरं हुतं."

"हो काकू."

"आन पोरीचं बी."

"हो. चूक माझी होती."

मला वाटलं, त्या मला घराबाहेर काढतील. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मला सांगितलंस ते चांगलं केलंस. पर मला ठावं हुतं. ज्यांना ठावं न्हाई त्यांना जाऊन सांग."

तात्यांनी सभा बोलावली. तेच गोदाम. मी जुनं मशीन टेबलावर मांडलं, सगळ्यांसमोर दोन्ही कागद छापले आणि पाच फुटांची गोष्ट सांगितली. संपल्यावर तात्यांनी विचारलं, "तवा तुमी हितंच उभं राहून काय म्हणला होतात, ध्यानात हाय का?"

"एकही आकडा बदललेला नाही असं म्हणालो होतो."

"ते खरं होतं का?"

"खरं होतं तात्या. पण पुरं नव्हतं."

तात्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "कागद देखणा होता. मी बी त्याच्याकडं बघितलं, अण्णांकडं न्हाई बघितलं." सभेच्या वहीत त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं की मारुतीअण्णांचे आकडे आणि मत दोन्ही बरोबर होते, चूक कागद करणाऱ्याची होती. माझं नाव घातलं. मी खाली सही केली. मागचा तो तरुण सभासद म्हणाला, "आता लिहून काय उपेग? माणूस तर गेला."

नऊ नंबरची विहीर पुढच्या उन्हाळ्यात झाली. या वेळी क्रेन परवडणारी नव्हती; माणसांनीच हातानं, जमेल तसं खोदलं. तिसऱ्या आठवड्यात कपारीतून पाणी आलं. लई नाही, पण आलं. दिवसाआड गावाला दोन-दोन घागरी पुरतील इतकं.

नारळ फोडायला तात्या स्वतः शेवंताकाकूंना बोलवायला गेले. मी बरोबर होतो. दारातच काकू म्हणाल्या, "इहीर गयाबाईची हाय. नारळ तिला फोडू द्या." तात्या म्हणाले, "वहिनी, आमी चुकलो." काकू चप्पल घालून आमच्याबरोबर चालत आल्या.

गयाबाईनं नारळ फोडला. बायकांनी हळदकुंकू वाहिलं, माणसांनी पाण्यात वाकून बघितलं, कुणीतरी पेढे वाटले. हळूहळू सगळे पांगले. काकू, तात्या आणि मी तेवढे विहिरीच्या काठावर राहिलो. आत बघत काकूंनी मला विचारलं, "किती फुटांवर हाय?"

मी इकडं तिकडं बघितलं. तात्यांकडे बघितलं. अण्णांनी सोडल्यापासून त्या गावात कुणी एकही विहीर मोजली नव्हती.

"मोजलं नाही काकू," मी म्हणालो.

"मोजाय पायजे हुतं," त्या म्हणाल्या, आणि घराकडे चालू लागल्या.